जावई पर्मनंट हवा, सून मात्र कॉन्ट्रॅक्टवर चालते



या वेळी मुगाच्या सांडग्यांवर लिहिणार होते, तसं कबूलही केलं होतं. पण गेल्या रविवारी ऑनलाइन स्वाध्याय संपल्यावर आपल्या ज्या पंधरा मिनिटांच्या गप्पा होतात, त्यात जे ऐकलं ते डोक्यातून जाईना. सांडगे पुढच्या वेळी. आज भांडायचं आहे, आणि तेही तुमच्याशीच.

झालं असं. एका मैत्रिणीने सांगितलं की मुलीसाठी आलेलं एक स्थळ त्यांनी नाकारलं. मुलगा चांगला, सांगलीकडचा, निर्व्यसनी, रात्रीभोजन त्याग पाळणारा, पगारही भरपूर. पण आयटीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. "पर्मनंट नाही हो, मुलगी कशी द्यायची?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पाचच मिनिटांनी माझ्या भाचीचा विषय निघाला. ती पुण्यात खराडीला एका कंपनीत पर्मनंट आहे, लग्नाला वर्ष झालं. तिला जास्त पैशांची कॉन्ट्रॅक्टची ऑफर आली आहे. त्यावर ह्याच बायका म्हणाल्या, "घेऊ दे की! घरून काम, पैसे जास्त, उद्या मूलबाळ झालं की सोयीचं." परत माना डोलल्या.

एकाच बैठकीत, चहाचा एकच कप संपायच्या आत. जावयाला पर्मनंट, सुनेला कॉन्ट्रॅक्ट. मी म्हणते, आपण नेमकं उलटं धरून बसलो आहोत.

तुम्ही म्हणाल, हिला काय कळतं आयटीतलं. आयटीतलं नाही कळत. पण १९८३ सालची बी.कॉम. आहे, दोन रकाने आखता येतात. आणि याच चुकीचे पैसे आमच्या घराने मोजले आहेत, ते खाली सांगते.

आधी या 'पर्मनंट' शब्दाबद्दल. आमच्या थळला हा शब्द फार वजनदार आहे. १९७८ साली राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा खताचा मोठा कारखाना इथे थळ-वायशेतला आला. त्यात लोकांच्या जमिनी गेल्या. ज्यांची जमीन गेली त्यांनी घरातल्या माणसाला नोकरी मागितली, आणि ती कायमची मागितली, ठेकेदाराकडची नाही. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडले. आमचे हे तिथेच पर्मनंट होते, मी १९८६ साली लग्न होऊन कुरूळच्या वसाहतीत आले. पर्मनंट म्हणजे काय ते मी बत्तीस वर्षं उपभोगलं आहे. क्वार्टर, दवाखाना, एक तारखेला पगार, निवृत्तीच्या दिवशी पीएफ आणि ग्रॅच्युइटी. त्याच पैशांतून आज थळला हे घर आहे, गच्चीवरून खांदेरी-उंदेरी दिसतात. तेव्हा पर्मनंट नोकरीची टिंगल माझ्याकडून होणार नाही.

पण सरकारी कारखान्यातलं पर्मनंट आणि हिंजवडीतलं पर्मनंट हे एकाच शब्दाने ओळखले जाणारे दोन वेगळे पदार्थ आहेत. मुलाचं नेमणूक-पत्र कधी काढून वाचलंय का? मी वाचलं. त्यात 'कायम' असा एक शब्द असेल, आणि पुढच्याच पानावर लिहिलेलं असतं की कोणत्याही बाजूने दोन किंवा तीन महिन्यांची नोटीस देऊन नोकरी संपवता येईल. म्हणजे कायमपणाची मुदत नव्वद दिवस. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार. टीसीएस म्हणजे आपल्यातल्या आयांना देवघरानंतरचं सुरक्षित ठिकाण! कमी होणारी ती माणसं पर्मनंटच होती. प्रोजेक्ट संपला की 'बेंच'वर बसवतात, आणि बेंचवर बसलेल्या मुलाच्या आईला झोप लागत नाही, हे यातल्या तिघी-चौघींना तरी माहीत आहे.

आणि खरं सांगायचं तर आपल्या समाजाने या शब्दाला एवढं भुलावं याचंच मला हसू येतं. आपले आजोबा कुठे पर्मनंट होते? माझ्या वडिलांचं जयसिंगपूरला किराणा दुकान होतं. महिन्याचा पगार म्हणजे काय ते त्यांनी जन्मात पाहिलं नाही. घरात वर्षाचं धान्य, पेटीत सहा महिन्यांचा खर्च, आणि ती सहा महिन्यांची रक्कम मोडायची तर आईला विचारल्याशिवाय नाही. दुकान एखाद्या मोसमात बसलं तरी आमची शाळेची फी थांबली नाही. अशा माणसाला मुलगी देताना आजोबांनी विचारलं नव्हतं, "तुम्ही पर्मनंट का?" त्यांनी विचारलं होतं, "देणं किती आहे?"

आता हाच प्रश्न विचारा की. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा म्हणजे एक दुकानदारच. त्याचं गिऱ्हाईक एक, माल त्याची विद्या. तो दुकानदारासारखा राहत असेल, सहा महिन्यांचा खर्च बाजूला, कर्ज बेताचं, स्वतःचा आरोग्यविमा काढलेला, तर मी माझी मुलगी डोळे मिटून देईन. आणि पर्मनंट मुलाने पगाराच्या निम्म्यावर घराचा हप्ता, वर गाडीचा हप्ता, वर क्रेडिट कार्ड असं करून ठेवलं असेल तर नाही देणार. परिग्रह परिमाण हे आपलं अणुव्रत आहे. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण त्यावर तासभर प्रवचन ऐकतो, आणि बायोडेटा बघताना गाडी कोणती ते आधी विचारतो.

थळला माझे शेजारी कोळी आहेत. त्यांचा व्यवसाय आपल्या व्रतात बसत नाही हे मला कुणी लिहून कळवू नका, मला माहीत आहे. पण हिशोब शिकावा तर त्या घरच्या बाईकडून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सरकारी नियमच आहे. दोन महिने होडी शाकारून किनाऱ्यावर, आवक शून्य. शेजारीण मे महिन्यातच दोन महिन्यांचे पैसे वेगळे काढते, जाळ्यांच्या दुरुस्तीचेही काढते. "माझा नवरा वर्षाला दहा महिने कामाला असतो" असं रडगाणं मी तिच्याकडून कधी ऐकलं नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्याच्या दोन कामांमध्ये जो महिना-दोन महिन्यांचा खंड पडतो, त्याचं यापेक्षा वेगळं काय आहे?

एवढं झालं जावयाचं. आता सुनेचं, आणि इथे मी माझी चूक सांगणार आहे.

२०२२ ची दिवाळी. मुलगा-सून पुण्याहून आले होते, मांडव्यापर्यंत आम्ही न्यायला गेलो होतो कारण ती दोघं मुंबईत मावशीकडे जाऊन रो-रोने आली. सून सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते, तेव्हा एका कंपनीत पर्मनंट होती. त्या दिवाळीत दोघांनाही कॉन्ट्रॅक्टची ऑफर होती. लक्ष्मीपूजन झाल्यावर जेवताना, म्हणजे सूर्यास्ताआधीच, विषय निघाला. मी मुलाला म्हटलं, "अजिबात नाही. हातची पर्मनंट नोकरी सोडायची नाही." आणि सुनेकडे वळून म्हटलं, "अगं, तू मात्र घे. घरून काम, पैसे जास्त. पुढे बाळ झालं की तुलाच बरं पडेल." तिने विचारलं, "आई, नक्की ना? बाळंतपणाच्या रजेचं काय होईल?" मी म्हटलं, "कॉन्ट्रॅक्ट म्हणजे आपली मर्जी. हवी तेवढी रजा घे."

हे वाक्य मी बोलले. बी.कॉम. झालेल्या बाईने.

तिने घेतलं. दिवसाला आठ हजार रुपये, काम केलेल्या दिवसांचे. दर महिन्याला बिल लावायचं, कंपनी कर कापून पैसे पाठवणार. पुढच्या वर्षी दिवस राहिले, घरात आनंद. सहाव्या महिन्यात तिने कळवलं. मुदत संपत आली होती, ती पुढे वाढवली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती, करारात तसंच लिहिलेलं होतं. ती कंपनीची नोकरच नव्हती. कागदावर ती त्यांना माल पुरवणारी एक दुकानदार होती, आणि गिऱ्हाइकाने दुकान बदललं. रजा नाही, पगार नाही, विमाही नाही, कारण आधीच्या कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर गेला होता आणि स्वतःच्या नव्या पॉलिसीत बाळंतपणाच्या खर्चासाठी थांबायची मुदत होती. बहुतेक वैयक्तिक पॉलिसींमध्ये ती असते, दोन-चार वर्षांचीसुद्धा. सगळा खर्च खिशातून. नात झाली, देवदयेने दोघी सुखरूप. पण सुनेला परत काम मिळायला चौदा महिने गेले, आणि मिळालं ते आधीपेक्षा कमी पैशांत. प्रत्येक मुलाखतीत विचारायचे, "मधल्या काळात काय केलंत?"

तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. ते जास्त लागतं.

नात रांगायला लागल्यावर एका दुपारी मी वही काढली आणि जे त्या दिवाळीत करायला हवं होतं ते केलं. तुम्हीही करा, म्हणून आकडे देते. तिचं पर्मनंटचं वर्षाचं पॅकेज १४ लाख. कॉन्ट्रॅक्टचे दिवसाला ८ हजार, वर्षात शनिवार-रविवार सोडून २६० दिवस, म्हणजे २० लाख ८० हजार. आम्हाला दिसले ते हे वरचे ६ लाख ८० हजार. पण पर्मनंटला सणवार आणि रजा धरून तीसेक दिवस भरपगारी मिळतात, कॉन्ट्रॅक्टला मिळत नाहीत. गेले २ लाख ४० हजार. वर्षाकाठी एक महिना तरी कामाविना धरायचा, त्यातले कामाचे २१ दिवस, म्हणजे १ लाख ६८ हजार. स्वतःचा विमा ५० हजार. लॅपटॉप, इंटरनेट, सीएची फी मिळून ४० हजार. उरले १५ लाख ८२ हजार. (पीएफचा कंपनीचा हिस्सा पुन्हा वजा करू नका. तो बहुधा त्या १४ लाखांच्या पॅकेजमध्येच मोजलेला असतो. आमच्या ह्यांनी तो दोनदा वजा केला आणि माझ्याशी वाद घातला.) म्हणजे खरा फायदा पावणेसात लाखांचा नाही, १ लाख ८२ हजारांचा. करात थोडा सुटतो, कारण अशा व्यावसायिकांना ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मी जमा नफा धरून कर भरता येतो. तो वेगळा धरा.

आता दुसऱ्या बाजूला ठेवा बाळंतपणाची रजा. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पुरे. २६ आठवडे म्हणजे अर्धं वर्ष, तिच्या पगारात साडेसहा-सात लाख. एवढे पैसे त्या १ लाख ८२ हजारांतून भरून काढायला जवळजवळ चार वर्षं लागली असती, आणि ती चार वर्षं कॉन्ट्रॅक्ट अखंड चालायला हवं होतं. वर रजेनंतर परत यायला खुर्ची असते, ती मी मोजलेलीच नाही.

हाच हिशोब मुलाचा केला, तर तो रकानाच रिकामा. त्याला २६ आठवड्यांची रजा पर्मनंटमध्येही नव्हती. त्याने कॉन्ट्रॅक्ट घेतलं असतं तर गमावण्यासारखं फार थोडं होतं. ज्याला चाललं असतं त्याला मी अडवलं, आणि जिला अडवायला हवं होतं तिला ढकललं.

जाऊबाई म्हणतील (म्हणाल्याच आहेत), की बाळ लहान असताना नोकरीची एवढी काळजी कशाला, आपल्या मुली घर बघतील. बघू देत ना. पण मग प्रामाणिकपणे म्हणा की नोकरी सोड. "सोयीसाठी कॉन्ट्रॅक्ट घे" असं गोड बोलून तिच्या पायाखालची फळी काढू नका. आणि 'घरून काम' हे कॉन्ट्रॅक्टचं लक्षण नाही. कोविडपासून कितीतरी पर्मनंट मुलीही आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. आपल्याला खरं हवं असतं ते वेगळंच. सून घरात दिसावी, स्वयंपाकाला उपलब्ध असावी, आणि पैसेही यावेत. मला तेच हवं होतं. मी कबूल केलं, आता तुम्ही करा.

कॉन्ट्रॅक्ट हा शब्दही एक नाही, हे मला फार उशिरा कळलं. एक प्रकार असा की मुलगी ठरावीक मुदतीसाठी कंपनीच्या किंवा मधल्या एजन्सीच्या पगारपत्रकावर असते. तिला पगाराची स्लिप मिळते, पीएफ कापला जातो. तिथे बाळंतपणाचा कायदा लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयात मुदतीवर नेमलेल्या एका डॉक्टरबाईंच्या प्रकरणात सांगितलं की रजेच्या मध्येच कराराची मुदत संपली तरी रजेचा पूर्ण लाभ द्यावा लागेल. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात मुदतीच्या नोकरीला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. दुसरा प्रकार आमच्या सुनेचा, बिल लावायचा. तिथे यातलं काहीही नाही. दोन्हीला घरात आपण 'कॉन्ट्रॅक्ट'च म्हणतो. म्हणून मुलीला पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. विचारा, "पगाराची स्लिप मिळणार की बिल लावायचं?"

ज्यांना धर्माचा आधार लागतो त्यांच्यासाठी एक आठवण. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंकविद्या. आकडे पहिल्यांदा शिकवले ते मुलीला, आपलीच परंपरा हे सांगते. मग आपल्या घरात मुलीच्या नोकरीचे आकडे मांडायला कुणी का बसत नाही? मुलाच्या वेळी तर आत्याच्या यजमानांपर्यंत फोन जातात.

ज्या मुलींची मुलं मोठी झाली आहेत, किंवा ज्यांना मूल नको आहे, किंवा आणखी दहा वर्षं नको आहे, त्यांच्यासाठी हिशोब वेगळा निघेल. त्यांनी खुशाल कॉन्ट्रॅक्ट घ्यावं, बिल लावावं, आणि दशलक्षणाचे दहा दिवस कुणाला न विचारता सुट्टी घ्यावी. (पर्मनंट मुलांना निदान अनंत चतुर्दशी तरी गणपतीमुळे बऱ्याच ठिकाणी मिळते, बाप्पाचे आपल्यावर उपकार.) माझं भांडण कॉन्ट्रॅक्टशी नाही.

सोमवारी मी भाचीला फोन केला. आकडे तिचेच तिला लिहायला लावले. तिच्या सासूबाईंनाही स्पीकरवर घेतलं, कारण त्यांना वगळून हा विषय होऊ नये. त्या आधी जरा गप्पच होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं कॉन्ट्रॅक्टमध्ये रजा मिळते." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं हो." भाचीने नव्या कंपनीला कळवलं आहे की दर थोडा कमी केला तरी चालेल, पण बिल लावणार नाही, पगारपत्रकावर घ्या आणि सामूहिक विम्यात पहिल्या दिवसापासून नाव घाला. बुधवारपर्यंत उत्तर देतो म्हणाले होते. आज शुक्रवार, अजून आलेलं नाही. तोवर तिने राजीनामा दिलेला नाही.

आणि ज्या मैत्रिणीने तो सांगलीचा मुलगा नाकारला, तिला माझी विनंती आहे की त्याला एकदा परत फोन करा आणि देणं किती आहे ते विचारा. नंबर डिलीट केला असेल तर माझ्याकडे आहे.